पश्चिम क्रीट कसं फिरायचं: घळी, किल्ले आणि संध्याकाळची बोट

ग्रीसमधल्या क्रीट बेटाचा नकाशा मोबाईलवर उघडा आणि बेटाच्या पश्चिम भागावर झूम करा. उत्तर किनाऱ्यावर हायवे, शहरं, एअरपोर्ट, हॉटेलं सगळं एका रांगेत दिसेल. आता जरा खाली दक्षिण किनाऱ्याकडे या. इथे रस्ते डोंगरातून वळणं घेत खाली उतरतात, समुद्राला टेकतात आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच संपतात, शेजारच्या गावात किनाऱ्याने जायचं म्हटलं तर रस्ताच नाही, कारण मधे लेफ्का ओरी नावाची डोंगररांग उभी आहे आणि ती थेट लिबियन समुद्रात उतरते. सगळ्यात उंच शिखर पाखनेस, २,४५३ मीटर. क्रीटमधलं सर्वात उंच शिखर प्सिलोरीतिस २,४५६ मीटर आहे, म्हणजे फरक फक्त ३ मीटरचा. आणि हे सगळं समुद्रापासून इतक्या जवळ की सकाळी बर्फाचे डाग बघत निघालेला माणूस संध्याकाळी समुद्रात पाय सोडून बसू शकतो.

हे आधी सांगतेय कारण इथली ट्रिप हॉटेलाभोवती आखली की फसते, ती डोंगराभोवती आखावी लागते. घळ कधी उघडणार, बस किती वाजता, बोट किती वाजता, ऊन किती हे सगळं डोंगर ठरवतो. आणि इथला इतिहास पण त्यानेच ठरवलाय. व्हेनिस आलं, ऑटोमन तुर्क आले, १९४१ ला जर्मन आले, उत्तरेची बंदरं प्रत्येकाने घेतली, पण या डोंगरामागचा स्फाकिया नावाचा भाग कुणालाच पूर्णपणे ताब्यात ठेवता आला नाही. म्हणून घळी आणि किल्ले वेगवेगळ्या दिवसांत वाटू नका, एकत्रच बघा, तेव्हाच ही जागा कळते.

कधी जायचं

मे महिना किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. बास. जुलै-ऑगस्टमध्ये घळीत चालणं म्हणजे तापलेल्या दगडांत चालणं, वर गर्दी, आणि फारच उष्मा असला तर घळ बंद सुद्धा ठेवतात. एप्रिलमध्ये रानफुलं अफाट असतात, किल्ले आणि जुनी गावं बघायला तेव्हा खूप छान वाटतं, पण समारिया घळ साधारण १ मे ला उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते, आणि पाऊस जास्त झाला, ओढ्याला पाणी असलं तर उघडणं पुढे पण ढकलतात. त्यामुळे समारियासाठी जाणार असाल तर मेच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट नका काढू, मेच्या मध्यापासून पुढचं काढा. थंडीत दक्षिणेकडच्या बोटी फार कमी असतात, बरीच हॉटेलं बंद, तेव्हा तो विचार सोडाच.

पोचणं, बेस आणि गाडी

व्हिसा शेंगेन, चलन युरो. अथेन्सपर्यंत विमानाने, तिथून हानिया या पश्चिम क्रीटच्या मुख्य शहराला दुसरं छोटं विमान, नाहीतर पिरेयसच्या बंदरातून रात्रीची मोठी फेरी जी सकाळी सूदा बंदरात सोडते, तिथून हानिया शहर अगदी जवळ. मला फेरी जास्त पटते, रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचतात आणि पहाटे डेकवर उभं राहिलं की हे डोंगर समोर हळूहळू मोठे होत जातात. एक लक्षात ठेवा, हानियाचं इंग्रजी स्पेलिंग सी-एच ने सुरू होतं, एअरपोर्टचा कोड सीएचक्यू, बुकिंग करताना 'एच' ने शोधत बसू नका. आणि चुकून हेराक्लिऑनचं तिकीट काढलं तर तिथून हानिया बसने जवळपास तीन तास आहे, तेव्हा नीट बघून काढा.

आठवडाभर हाताशी असेल तर चार रात्री हानियात आणि दोन-तीन रात्री दक्षिण किनाऱ्यावर, असं वाटून घ्या. सगळे दिवस हानियातून जाऊन-येऊन केले तर रोज डोंगर ओलांडून जा आणि परत या, त्यात जीव दमतो आणि दक्षिणेकडची संध्याकाळ, जी खरी बघायची असते, ती हातची जाते.

गाडी सगळे दिवस नकोच. समारियाला तर गाडी घेऊन जाणं चुकीचंच, कारण चालायला सुरुवात एका टोकाला आणि शेवट दुसऱ्या टोकाला, गाडी वर ओमालोस पठारावर उभी आणि तुम्ही खाली समुद्रावर. त्या दिवशी केटेएल या बससेवेची बस वापरा, हानियाच्या बस स्टँडवरून सुटते. बाकी किल्ले, इम्ब्रोस आणि अराडेनाच्या घळी यासाठी दोन-तीन दिवस गाडी भाड्याने घ्या. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घरून निघायच्या आधी काढून घ्या, आपल्या लायसन्ससोबत ते लागतं. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, स्टिअरिंग डावीकडे, पहिल्या दिवशी थेट घाटात जाऊ नका, हानियाच्या आसपास एक तास हात बसवून घ्या. भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स बहुतेक वेळा कच्च्या रस्त्याला लागू नसतो, हे करारात बारीक अक्षरात असतं, वाचा. घाटात वळणावर बकऱ्या रस्त्यातच बसलेल्या असतात, हॉर्न दिला तरी सावकाश उठतात. दक्षिणेकडे पेट्रोल पंप कमी, टाकी हानियातच भरा. स्फाकियात रस्त्यांच्या पाट्यांवर गोळ्यांची भोकं दिसतील, घाबरू नका, तिथली जुनी सवय आहे ती, पाहुण्यांशी लोक फार मायेने वागतात.

पहिला दिवस हानियात, पायी

प्रवासाने अंग जड झालेलं असतं तेव्हा डोंगर नको. जुनं व्हेनेशियन बंदर सकाळी लवकर बघा, दहानंतर तिथे रेस्टॉरंटवाले मेनूकार्ड घेऊन अंगावर येतात. ऑटोमन सैन्याने हे शहर १६४५ साली घेतलं, आणि बंदरावर जी घुमटवाली मशीद दिसते ती त्यानंतर लगेचची. समोर धक्क्याच्या टोकाला दीपगृह आहे, मूळ व्हेनेशियन, पण आताचा आकार १९व्या शतकात क्रीट इजिप्तच्या ताब्यात होतं तेव्हाचा. त्याच्यापर्यंत लांब दगडी धक्क्यावरून चालत जाता येतं, जाच, कारण तिथून मागे वळून पाहिलं की शहराच्या पाठीशी लेफ्का ओरी दिसतो आणि पुढच्या दिवसांत कुठे जायचंय ते डोळ्यांना कळतं. या डोंगराचा चुनखडक इतका फिकट आहे की उन्हाळ्यात बर्फ वितळला तरी लांबून पांढराच वाटतो.

बंदराच्या तोंडाशी फिर्कास किल्ला आहे. १ डिसेंबर १९१३ ला क्रीट ग्रीसमध्ये सामील झालं तो झेंडा इथेच चढला. त्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये सिनॅगॉग, जुनी चर्चेस, तुर्की लाकडी बाल्कन्या सगळं एकमेकांना चिकटून आहे. कास्तेली टेकडीवर तर रस्त्याच्या कडेला कुंपणाआड मिनोअन काळातली कीडोनिया आहे, म्हणजे या शहराखालचं शहर, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. २०२५ मध्ये मिनोअन राजवाड्यांच्या सहा ठिकाणांना युनेस्कोची मान्यता मिळाली, क्नोसोससोबत त्यात हे पण आहे. लोक आइस्क्रीम खात त्याच्या बाजूने निघून जातात, तुम्ही पाच मिनिटं थांबा.

समारिया: नीट करायची तर अशी करा

ही घळ वरच्या ओमालोस पठारावरून, साधारण १,२३० मीटरवरून सुरू होते आणि आगिया रूमेली गावात समुद्रावर संपते. नॅशनल पार्कच्या आतलं अंतर १३ किमी, बाहेर पडल्यावर समुद्रापर्यंत अजून सुमारे ३, म्हणजे एकूण १६. सगळं उतरण. उतरण म्हटल्यावर लोकांना सोपं वाटतं आणि तिथेच गुडघे जातात. वेळ ५ ते ७ तास धरा.

सकाळची पहिली बस घ्या. घळीचं गेट ७ वाजता उघडतं, आणि पहिल्या तासात तुम्ही आत शिरलात तर अर्धी वाट सावलीत होते. गेटची जागा क्सिलोस्कालो म्हणून ओळखली जाते. समोर गिगिलोसचा राखाडी कडा उभा, आणि पायाखाली दगड रचून केलेल्या पायऱ्या, बाजूला लाकडी कठडा, नागमोडी वळणं घेत खाली. सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर असेच सरळ उतरतात. दगड लाखो बुटांनी घासून गुळगुळीत झालेत, त्यामुळे इथे स्पीड मारायचा नाही, छोटी पावलं टाकायची, कठडा धरायला लाजायचं नाही. ट्रेकिंग पोल असेल तर इथेच उपयोगी. निघायच्या आदल्या रात्री पायाची नखं कापा, हे मी प्रत्येकाला सांगते, उतरणीवर बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात आणि दोन दिवसांनी नखं काळी पडतात. सँडल तर नकोच, खालचा अर्धा रस्ता नदीच्या गोट्यांमधून आहे.

पाणी भरपूर वाहून न्यायची गरज नाही, वाटेत झरे आहेत, नळ लावलेले, पाणी थंडगार आणि प्यायचं. एक लिटरची बाटली पुरते, पण प्रत्येक झऱ्याला भरून घ्या. खायला मात्र आत काहीही मिळत नाही, सोबत घ्या. ओढ्यात उतरणं, पोहणं, तंबू टाकणं, आग पेटवणं सगळ्याला बंदी आहे, आणि तिकीट टाकून देऊ नका, खालच्या गेटवर ते बघतात, त्यावरूनच त्यांना कळतं की आत कुणी राहिलं नाही. कुणाचा पाय मुरगळला तर इथे खेचर हीच ॲम्ब्युलन्स आहे.

उतार संपला की झाडी दाट होते, जुन्या सायप्रसच्या झाडांमध्ये आयोस निकोलाओसचं छोटं देऊळवजा चर्च लागतं. मग साधारण अर्ध्या वाटेवर समारिया गाव. १९६२ साली पार्क झालं तेव्हा इथल्या कुटुंबांना गाव सोडावं लागलं, घरं तशीच दगडी उभी आहेत, काहींची डागडुजी करून रखवालदारांसाठी वापरतात. गावाजवळचं ओसिया मारियाचं चर्च चौदाव्या शतकातलं आहे. इथे अर्धा तास बसा. बहुतेक सगळे इथेच डबा उघडतात आणि क्री-क्री म्हणजे क्रीटची रानबकरी वासाने जवळ येते. खायला देऊ नका, कितीही गोड दिसली तरी. पार्क मुख्यतः यांनाच वाचवायला झालंय.

गावानंतर घळ अरुंद होत जाते. पाट्या लागतात की इथे दगड पडतात, थांबू नका, भराभर पुढे जा, ते ऐका. आणि मग पोर्तेस. दोन्ही बाजूंचे कडे ३०० मीटरपर्यंत वर गेलेले आणि मधली जागा जेमतेम ३-४ मीटर, खाली ओढा, त्यावर टाकलेल्या फळ्यांवरून चालायचं. फोटोत हे कधीच नीट येत नाही, कारण एकतर वरचं आकाश येतं किंवा खालचं पाणी. मोबाईल खिशात ठेवा, भिंतीला हात लावा, दगडाचे थर बोटांना कळतात, काही ठिकाणी पूर्ण वाकलेले, दुमडलेले. ज्या दाबाने हे डोंगर समुद्रातून वर आले त्याच्या घड्या आहेत त्या.

बाहेर पडल्यावरचे शेवटचे तीन किलोमीटर उघड्यावर, उन्हात, सगळ्यात कंटाळवाणे. टोपी काढून ठेवली असेल तर परत घाला.

आता बोट. आगिया रूमेलीला रस्ता नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोटी सुटतात, एक पूर्वेला होरा स्फाकिओनला, एक पश्चिमेला सूयाला, आणि तिथे हानियाची बस बोटीची वाट बघत उभी असते. बसचं परतीचं तिकीट काढताना कुठल्या गावातून परतणार ते विचारून घ्या, दोन्ही बस वेगळ्या. वेळापत्रक सीझनमध्ये बदलतं, आदल्या दिवशी बघाच. जोरदार वारा सुटला तर बोट रद्द होऊ शकते, त्यामुळे समारियाच्या दुसऱ्या दिवशीचं परतीचं विमान कधीच ठेवू नका.

ज्यांच्याबरोबर आईवडील किंवा लहान मुलं आहेत त्यांनी उलटं करावं, बोटीने सकाळी आगिया रूमेलीला यायचं आणि खालून पोर्तेसपर्यंत जाऊन परतायचं. तीनेक तास लागतात, चढ फारसा नाही, आणि घळीचा सगळ्यात देखणा भाग बघून होतो.

माझं ऐकाल तर समारिया उतरल्यावर त्याच दिवशी परतूच नका. आगिया रूमेलीला रहा. साडेपाचची बोट गेली की सगळी गर्दी तिच्यासोबत जाते आणि गावात फक्त गावकरी आणि मूठभर पाहुणे उरतात. थकलेले पाय समुद्रात घालून बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी गावावरच्या तुर्की गढीपर्यंत चढून यायचं. हीच ती जागा जिथे प्राचीन तारा शहर होतं.

लुत्रो, अनोपोली आणि अराडेनाचा पूल

दुसऱ्या दिवशीची बोट लुत्रोला. पांढऱ्या घरांचं चिमुकलं गाव, इथेही रस्ता नाही, बोट किंवा पाय. जुनं नाव फिनिक्स, बायबलच्या नव्या करारात याचा उल्लेख आहे, सेंट पॉलला घेऊन जाणाऱ्या जहाजाला हिवाळा या बंदरात काढायचा होता पण वादळाने पोचूच दिलं नाही. जागा बघितली की कळतं, या अख्ख्या किनाऱ्यावर वाऱ्यापासून इतका आडोसा दुसरीकडे नाही. रूम लवकर बुक करा, गाव लहान आहे. लुत्रोहून होरा स्फाकिओनकडे जाणारी पायवाट ई-४ या युरोपियन लांब पल्ल्याच्या वाटेचा भाग आहे, मधे ग्लिका नेरा बीच लागतो जिथे वाळूत खड्डा केला की गोडं पाणी वर येतं. डोंगरावर वितळलेलं बर्फच ते, दगडातून झिरपत इथे पोचलेलं. या वाटेवर एका जागी कडा तुटका आहे, उंचीची भीती वाटत असेल तर बोटीनेच जा.

होरा स्फाकिओनहून वर अनोपोलीचा रस्ता जातो, वळणांवर वळणं, वर पोचल्यावर गावाच्या चौकात दास्कालोयानिसचा पुतळा. हानियाच्या एअरपोर्टला याचंच नाव आहे. श्रीमंत जहाजमालक होता, १७७० मध्ये रशियाची मदत येणार या भरवशावर त्याने ऑटोमनांविरुद्ध उठाव केला, मदत आली नाही, आणि १७७१ मध्ये हेराक्लिऑनला त्याची जिवंतपणी कातडी सोलली. चौकात पुतळ्यासमोर कॉफी घेऊन बसलं आणि मागे हा डोंगर बघितला की त्या माणसाला आपण टिकू असं का वाटलं असेल ते समजतं.

अनोपोलीपासून थोडं पुढे अराडेना. इथे घळीवर लोखंडी पूल आहे, १९८६ मध्ये बांधला, खाली १३८ मीटर खोल. पुलाचा तळ लाकडी फळ्यांचा, गाडी त्यावर चढली की सगळ्या फळ्या एकामागोमाग खडखडतात आणि तो आवाज घळीत घुमतो. गाडी अलीकडे लावा, चालत जा. फळ्यांच्या फटींतून खाली घळीचा तळ दिसतो, आणि समोरच्या कड्यावर एक जुनी दगडी खेचरवाट झिगझॅग करत उतरताना दिसते. पूल व्हायच्या आधी पलीकडच्या गावात जायचा रस्ता तोच, सामान घेऊन पूर्ण खाली उतरायचं आणि पूर्ण वर चढायचं. पलीकडचं अराडेना गाव आता जवळपास ओसाड आहे, दोन घराण्यांच्या वैरात रिकामं झालं. घराघरांत अंजिराची झाडं उगवलीत. कड्याच्या काठावर मुख्य देवदूत मायकेलचं चर्च आहे, घुमट अगदी वेगळाच, उंच गळ्याचा. ज्यांना दम आहे त्यांनी त्या खेचरवाटेने उतरून घळीतून थेट मार्मारा बीच गाठावा, अडीच-तीन तास, आणि तिथून लुत्रोला. मधे मोठे धोंडे आहेत, शिडी आहे, समारियापेक्षा अवघड, एकट्याने करू नका आणि पाणी पूर्ण सोबत घ्या कारण इथे झरे नाहीत.

इम्ब्रोस आणि फ्रांगोकास्तेलो, एकाच दिवसात

हानियाहून होरा स्फाकिओनच्या रस्त्यावर आस्किफू पठार ओलांडलं की इम्ब्रोस गाव. इथली घळ ८ किमीच्या आसपास, दोन-तीन तासांची, कोमिताडेस गावात उतरते. सगळ्यात अरुंद जागा दीड-पावणेदोन मीटरची, दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती. सांदण दरी केलेल्यांना इथे ओळखीचं वाटेल, फक्त दगड पांढरा. गाडी इम्ब्रोसला ठेवून उतरा, खाली टॅक्सीवाले पिकअप घेऊन थांबलेले असतात, ते वर सोडतात. मुलांसोबत जायला समारियापेक्षा ही चांगली, आणि मे-ऑक्टोबरच्या बाहेरही बऱ्याचदा करता येते.

पण या वाटेवरून चालताना १९४१ आठवा. २० मे ला जर्मन पॅराशूट सैनिक मालेमेच्या धावपट्टीवर उतरले, दहा दिवसांत उत्तर किनारा गेला, आणि ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे हजारो सैनिक याच बाजूने डोंगर ओलांडून होरा स्फाकिओनला पळाले, अन्न नाही, पाणी नाही, वरून विमानं. जहाजांनी रात्री-रात्रीत जितक्यांना नेता आलं तितक्यांना नेलं, बाकी हजारो १ जूनला तिथेच शरण गेले. बंदरावर स्मारक आहे. कित्येक जण डोंगरात लपून राहिले आणि गावकऱ्यांनी स्वतःच्या जिवावर उदार होऊन त्यांना सांभाळलं. जर्मनांना विरोध करण्याची किंमत काय होती ते कांदानोसला कळतं, सूयाच्या वायव्येला पालेओहोराच्या वाटेवर, ते गाव जर्मनांनी जून १९४१ मध्ये पूर्ण उद्ध्वस्त केलं.

कोमिताडेसहून पूर्वेला वीसेक मिनिटांवर फ्रांगोकास्तेलो. व्हेनेशियन लोकांनी १३७१ ते १३७४ मध्ये बांधलेला साधा चौकोनी किल्ला, चार कोपऱ्यांना चार बुरुज, समोर उथळ समुद्र आणि मागे डोंगराची भिंत. चाच्यांसाठी बांधला असं म्हणायचं, पण नजर स्फाकियाच्या लोकांवर ठेवायची होती. दिवसा बांधलेलं ते लोक रात्री येऊन पाडायचे अशी कथा आहे. दक्षिणेच्या दारावर वर बघा, सेंट मार्कचा सिंह कोरलाय, उन्हापावसाने झिजलाय पण पंख अजून ओळखू येतात. १८२८ च्या मे महिन्यात हाजीमिहालिस दालियानिस इथे आपल्या शेकडो लोकांसह ऑटोमन सैन्याशी लढताना मारला गेला. मेच्या शेवटी, समुद्र शांत असताना, पहाटे सूर्य उगवायच्या आधी किल्ल्याकडे चालत जाणाऱ्या सावल्या दिसतात असं इथले लोक सांगतात, त्यांना द्रोसुलितेस म्हणतात. काहीजण मृगजळ म्हणतात. मेअखेरीस गेलात तर एक रात्र इथेच काढा आणि पहाटे उठा, नुसत्या त्या उजेडासाठी सुद्धा.

आप्तेरा आणि सूदा

हा अर्ध्या दिवसाचा प्लॅन, संध्याकाळी चारनंतर नाही, सकाळी. आप्तेरा सूदा खाडीच्या वरच्या टेकडीवरचं प्राचीन शहर, रोमन काळातल्या कमानीदार पाण्याच्या टाक्या हे इथलं मुख्य आकर्षण. आत उतरलं की बाहेरच्या उन्हातून एकदम गारवा, वरून झरोक्यातून उजेडाचा एकच पट्टा. छोटं थिएटर आहे, पुढे कड्यावर ऑटोमन किल्ला, तिथून अख्खी खाडी दिसते आणि हे बंदर सगळ्यांनाच का हवं होतं ते सांगावं लागत नाही. सावली नाही, पाणी न्या. खाली सूदाचं युद्ध स्मशान, समुद्राच्या काठावर पांढऱ्या दगडांच्या दीड हजाराच्या आसपास कबरी, जवळपास निम्म्यांवर नाव नाही. मालेमेच्या टेकडीवर जर्मन सैनिकांचं स्मशान आहे, तिथे चार हजारांवर. दोन्ही बघा, एकच बघून येऊ नका.

बीच

एलाफोनिसी आणि बालोस सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही, पण दहानंतर दोन्ही गजबजतात. एलाफोनिसीला आठ वाजता पोचा, वाळू गुलाबीसर दिसते ती शिंपल्यांच्या बारीक चुऱ्याने, ती बाटलीत भरून आणायला मनाई आहे. बालोससाठी किसामोसहून बोट घ्या म्हणजे वाटेत ग्रांवूसाच्या बेटावरचा व्हेनेशियन किल्ला चढून होतो. मला स्वतःला यापेक्षा सूयाहून लिसोसला चालत जाणं कितीतरी जास्त आवडतं, दीड तासाची वाट, आधी छोट्या घळीतून, मग खिंडीतून, आणि खाली ऑलिव्हच्या झाडांत अस्क्लेपिओसचं देऊळ, आत मोझॅकची जमीन. आजारी लोक इथल्या झऱ्यासाठी बोटीने यायचे. तिकिटाची रांग नाही, दुकान नाही, परत सुद्धा चालतच यायचं.

खायचं काय

शाकाहारी लोकांनी काळजीच करू नका. डाकोस म्हणजे जाड बार्लीच्या टोस्टवर टोमॅटो, चीज, ऑलिव्ह ऑइल. बुरेकी हानियाचं, दुधीसारखी झुकिनी, बटाटा आणि मिझिथ्रा चीज थरांत भाजलेलं. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी लिंबू पिळून. आणि स्फाकियात स्फाकियानी पीता मागवाच, आत मिझिथ्रा भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी, वर मध. अंडं-दूध पण नको असेल तर 'निस्तीसिमो' म्हणा, उपासाचं खाणं, लगेच समजतात, फक्त त्यात कालवं-कोळंबी चालते, तेवढं विचारून घ्या. जेवणानंतर छोट्या ग्लासात राकी न मागता येते, नको असेल तर हसून नाही म्हणा. लहान गावांत कॅश ठेवा.

ज्यांना शिखरच हवंय त्यांनी क्सिलोस्कालोहूनच गिगिलोस करावा, २,०८० मीटर, पाच-सहा तास जाऊन-येऊन, वाटेत लिनोसेलीचा झरा. पाखनेसला अनोपोलीवरून लांब कच्चा रस्ता जातो, तिथे भाड्याची छोटी गाडी घालू नका, स्थानिक जीपवाल्याला धरा. वर झाड नाही, पाणी नाही, धुकं आलं तर सगळे दगड सारखेच दिसतात, म्हणून ऑफलाइन मॅप आणि जोडीदार दोन्ही हवेत. इमर्जन्सी नंबर ११२.

शेवटचा दिवस

एअरपोर्ट आक्रोतिरी द्वीपकल्पावर आहे, तेव्हा शेवटचा दिवस तिकडेच घालवा म्हणजे धावपळ नाही. सकाळी लवकर गुवेर्नेतोचा मठ, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, दुपारी बंद असतो. तिथून दगडी पायऱ्यांची वाट खाली उतरते, आधी एक गुहा लागते ज्यात अस्वलासारखा दिसणारा दगड आहे, मग अजून खाली ओढ्याच्या घळीत कड्यालाच टेकून बांधलेला कातोलिकोचा सोडलेला मठ, भला मोठा दगडी पूल आणि गुहेतलं चर्च. उतरायला अर्धा-पाऊण तास, चढायला त्याहून जास्त, त्यामुळे विमान दुपारी चारच्या आधीचं असेल तर फक्त आगिया त्रिआदाचा मठ करा, तो वाटेतच आहे आणि तिथलं ऑलिव्ह ऑइल विकत मिळतं. बाटली चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सोडत नाहीत. आणि गाडी परत देण्याआधी पेट्रोल हानिया-आक्रोतिरी रस्त्यावरच भरा, एअरपोर्टच्या दारात पंप शोधत बसायला नको.